उसनवारीची आयत



रमजानमध्ये एकदा तरी पूर्ण कुरआन वाचायचं, असा आपल्यातल्या पुष्कळ घरांतला रिवाज आहे. कुरआनाचे तीस पारे, म्हणून रोज एक पारा. असं वाचत गेलं की तिसऱ्या रोज्याला, सूरह बकरह संपत आली की, २८२ क्रमांकाची आयत येते. अख्ख्या कुरआनात ही सगळ्यात लांब आयत. सगळ्यात लांब म्हटल्यावर कुणालाही वाटेल की नमाजबद्दल असेल, नाही तर जन्नतबद्दल. पण ही आयत आहे उसन्या पैशांबद्दल. दिलेले-घेतलेले पैसे लिहून कसे ठेवायचे, एवढाच तिचा विषय.

आपल्यातल्या बऱ्याचजणी अरबी वाचतात, पण अर्थासाठी मराठी किंवा उर्दू भाषांतर उघडावं लागतं. रोजच्या धावपळीत ते राहून जातं. या महिन्यात निदान या एका आयतीसाठी ते उघडा. आणि ज्या मैत्रिणी रोजा धरत नाहीत त्यांनीही रेडिओ बंद करू नका. उसनवारी काय एकाच धर्माची नसते.

आयतीचा मतलब माझ्या शब्दांत सांगते. ठरावीक मुदतीसाठी उसनं घेतलं-दिलं तर ते लिहा. लिहिणाऱ्याने इमानाने लिहावं आणि लिहायला नकार देऊ नये. ज्याच्या अंगावर कर्ज आहे त्याने मजकूर सांगावा आणि त्यात काही कमी करू नये. त्याला स्वतः सांगता येत नसेल तर त्याच्या पालकाने सांगावं. साक्षीदार घ्यावेत आणि बोलावल्यावर त्यांनी यावं. रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नये. रोखीचा व्यवहार हातोहात झाला तर नाही लिहिलं तरी चालेल. आणि लिहिणाऱ्याला किंवा साक्षीदाराला त्रास देऊ नये.

आता यातली एक गोष्ट बघा. मजकूर कोण सांगणार? घेणारा. देणारा नाही. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. पैसेवाला कागद तयार करतो, घेणारी बाई खाली अंगठा उठवते. वर काय लिहिलंय ते तिला कुणी वाचूनही दाखवत नाही, कधी तर वरचा भाग कोराच असतो. आयत म्हणते की ज्याला फेडायचं आहे त्याच्या तोंडून शब्द येऊ देत. म्हणजे किती घेतले, कधी फेडणार, हे त्याला नीट समजलेलं असणार, आणि नंतर दोघांनाही फिरता येणार नाही. गरजू माणसाची बाजू किती बारकाईने धरली आहे, हे मला तरी या एका वाक्यात दिसतं. आपला आजचा कायदाही कोऱ्या कागदाच्या विरोधातच आहे. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, आणि रक्कम न घातलेल्या कागदावर सही घ्यायला सावकाराला मनाई आहे.

बचत गटात काम करताना मला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘आपल्या आपल्यात काय लिहायचं?’ नणंदेला दिले, जावेला दिले, भावाला दिले. लिहायला काढलं तर विश्वास नाही असं वाटेल, म्हणून लाजेने कुणी लिहीत नाही. गटाच्या पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड यांच्या जोडीला अद्ययावत नोंदी आहेत. त्या नोंदी बायका गटात बिनतक्रार ठेवतात. घरी मात्र तीच बाई दहा हजार रुपये नुसत्या शब्दावर देते. आयतीत लिहिण्याचं कारण दिलं आहे ते असं की त्याने साक्ष पक्की राहते आणि मनात शंका येत नाही. म्हणजे लिहिण्यामुळे नातं तुटत नाही, शंकेला जागा उरत नाही म्हणून टिकतं.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. आमच्या भागातल्या एका बाईचा नवरा अचानक गेला. चाळीसावा व्हायच्या आत तिघेजण दारात आले, त्याने आमच्याकडून पैसे घेतले होते म्हणून. कागद एकाकडेही नव्हता. त्यातला एक खरं बोलत असेल, तिघेही खरं बोलत असतील, तिला कसं कळणार? आणि तिच्या नवऱ्याने दोघांना दिलेले पैसे होते, ते तिला माहीत होते. त्या दोघांपैकी कुणीच आलं नाही. येणारे सगळे घेणारेच. तिने कानातलं मोडून एकाचे दिले.

इथे सूरह निसाच्या वारसाहक्काच्या आयती आठवतात, अकरा आणि बारा. वाटणी करायची ती मयताचं कर्ज फेडून आणि मृत्युपत्र पुरं करून मगच, असं त्यांत पुन्हा पुन्हा बजावलं आहे. मुलंबाळं असतील तर बायकोचा हिस्सा आठवा, नसतील तर चौथा. पण कर्ज आधी, हिस्सा नंतर. म्हणजे न लिहिलेलं, वाढवून सांगितलेलं कर्ज थेट विधवेच्या आणि मुलांच्या वाट्यातून जातं. हेही लक्षात ठेवा की नवऱ्याचं कर्ज त्याच्या मालमत्तेतून फिटतं. बायको जामीन नसेल तर तिच्या स्वतःच्या दागिन्यांवर, तिच्या कमाईवर त्याचा बोजा येत नाही. त्या बाईला हे कुणी वेळेवर सांगितलं असतं तर कानातलं राहिलं असतं.

आणि कर्ज म्हटलं की मेहरसुद्धा आली. न दिलेली मेहर हे नवऱ्यावरचं कर्जच आहे, तो गेल्यावर इतर कर्जांसारखी तीही वाटणीच्या आधी द्यायची असते. मय्यतीच्या वेळी बायकोकडून मेहर माफ करून घेतात ते मला पटत नाही. तेव्हा ती बाई शुद्धीत तरी असते का? आपल्या निकाहनाम्यात मेहरच्या रकान्यात काय लिहिलं आहे, किती दिली, किती राहिली, हे किती जणींना सांगता येईल? निकाहनामा कुठे ठेवला आहे हे तरी आज घरात विचारून घ्या.

एक प्रश्न मला बैठकीत हमखास विचारतात, तो टाळून चालणार नाही. साक्षीदार दोन पुरुष, ते नसतील तर एक पुरुष आणि दोन बायका, असं या आयतीत आहे. बाईची साक्ष अर्धी का? आलिमांमध्ये यावर मतभेद आहेत. काहीजण हा नियम तसाच धरतात. काहीजण म्हणतात की त्या काळी व्यापारी व्यवहारात बायका कमी असत, म्हणून हा सल्ला तेवढ्याच बाबीपुरता. आयतीत कारणही दिलं आहे, एक चुकली तर दुसरीने आठवण द्यावी. सूरह नूरमध्ये नवरा-बायकोने एकमेकांविरुद्ध शपथा घ्यायची वेळ येते तिथे दोघांच्या शपथा सारख्याच धरल्या आहेत, हेही विसरू नये. भारतातल्या न्यायालयात बाईची आणि पुरुषाची साक्ष सारखीच. मला या आयतीत अर्ध्या-पूर्णाचा हिशेब दिसत नाही, बाईला एकटं पाडू नका असं दिसतं. बँकेत आपण दोघी-दोघी जातो तेव्हा काय अर्ध्या-अर्ध्या असतो? हजरत खदीजा तर मक्केत स्वतःचा व्यापार करत होत्या, माल पाठवायला माणसं नेमत होत्या.

आता व्याज. या आयतीच्या आधीच्याच आयतींत व्याज हराम ठरवलं आहे. त्यामुळे काही बहिणी बचत गटात येत नाहीत. गटात महिन्याला शेकडा दोन असं काही ठरतं, ते व्याज पुन्हा सभासदांच्याच निधीत येतं, मग त्याला व्याज म्हणायचं का, यावर वाद घालणाऱ्या आहेत आणि व्याज ते व्याजच म्हणणाऱ्याही आहेत. दुसऱ्या मताच्या बहिणींना ओढून आणणं माझं काम नाही. त्यांच्यासाठी साधा मार्ग म्हणजे आपापसात बिनव्याजी गट. बचत जमा करायची, गरजेप्रमाणे उसनं द्यायचं, घेतलं तेवढंच फेडायचं, वहीचा आणि जाण्यायेण्याचा खर्च सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा. असे गट चालतात, पण वही चोख असेल तरच. व्याज नाही म्हणून नोंद नको असं म्हटलं की सहा महिन्यांत भांडण ठरलेलं.

वही लिहिणाऱ्या मुलीबद्दलही दोन शब्द. गटात दहावी-बारावी शिकलेली एखादीच असते, सगळ्यांचं तिच्याच गळ्यात पडतं आणि हिशेब चुकला की बोलणी तिलाच. लिहिणाऱ्याला त्रास देऊ नका, हे आयतीत वेगळं सांगावं लागलं म्हणजे तेव्हाही हेच होत असणार.

कागद फार मोठा नको. तारीख, देणारीचं आणि घेणारीचं नाव, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, फेडायची तारीख, दोघींच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. सहीआधी मोठ्याने वाचून दाखवा. दोन प्रती करा, एकेक दोघींकडे. हप्ता दिला की दोन्हींवर नोंद. मुदतीच्या कायद्याप्रमाणे असे पैसे मागायला साधारण तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो, म्हणून तारीख कधीही सोडू नका.

आणि फेडायची तारीख आली, पण समोरचीकडे खरंच काही नाही, तर? त्याचं उत्तर दोनच आयती आधी आहे, २८० मध्ये. अडचणीत असलेल्याला हात मोकळा होईपर्यंत मुदत द्या, आणि सोडूनच दिलंत तर ते आणखी चांगलं. सोडून दिलं तर तेही त्याच कागदावर लिहा, तारखेसह, म्हणजे पुढे मुलांनी मागायला जायला नको.

रमजानमध्ये आपल्यापैकी अनेकजणी जकात काढतात. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकात कुणाला द्यायची त्यांची आठ नावं आहेत, त्यांत कर्जात बुडालेली माणसंही आहेत. आपण फकिराला देतो, मदरशाला देतो, कर्जबाजारी शेजारीण मात्र लाजेने मागत नाही म्हणून राहून जाते. यंदा वाटप करताना तिचं नाव यादीत घाला. पैसे द्यायचे ते इफ्तारनंतर, चारचौघींत नाही, एकटीला गाठून.