बाजारातील पत आणि व्हिसाचा कागद

मोंढ्यात किंवा सराफ्यात आजही लाखांचा माल फोनवरच्या एका शब्दावर सुटतो. घराण्याचे नाव, तीन पिढ्यांची पेढी आणि वेळेवर फिटलेली उधारी एवढे तारण पुरेसे असते. परंतु याच घराण्यातील मुलगा शिक्षणासाठी लंडनला निघतो किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी आई अमेरिकेला जायचे ठरवते, तेव्हा ही पत वांद्रे-कुर्ला संकुलातील खिडकीपलीकडे पोहोचत नाही. तेथील अधिकाऱ्यासमोर काही मिनिटे आणि काही कागद एवढेच असते. ऐपत असूनही अर्ज फेटाळले जातात, त्याचे कारण बहुधा ऐपत आणि कागद यांच्यातील या अंतरात सापडते.

एकेकाळी अडसर वेगळा होता. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला वीरचंद राघवजी गांधी गेले, कारण निमंत्रित आचार्य आत्मारामजींना साधुधर्मानुसार समुद्रप्रवास वर्ज्य होता. वीरचंदजींची अडचण परदेशी अधिकाऱ्यांची नव्हती. प्रश्न विचारला तो स्वकीयांनी, समुद्र ओलांडल्याबद्दल. आज समाज निरोपाला विमानतळावर येतो आणि प्रश्न कागद विचारतो.

पहिला प्रश्न नावाचा. राजाबाजार परिसरातील एखादे खंडेलवाल कुटुंब घ्यावे. आजोबांच्या मालमत्तेच्या कागदावर ‘कासलीवाल’, वडिलांच्या पॅनकार्डावर ‘जैन’, मुलाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘कासलीवाल’ आणि आधारवर ‘जैन कासलीवाल’. पाटणी, गंगवाल, सेठी, संचेती, बोथरा या घरांतही हेच चित्र दिसते. घरात यात काही विसंगत वाटत नाही, कारण गोत्र आणि धर्म दोन्ही आपलेच. व्हिसाच्या अर्जात मात्र वडील आणि मुलगा ही नात्याने बांधलेली माणसे न दिसता दोन परकी नावे दिसतात. अमेरिकेच्या डीएस-१६० अर्जात ‘आपण अन्य कोणते नाव वापरले आहे काय’ असा स्पष्ट प्रश्न असतो. जुन्या कागदांवर दुसरे आडनाव असेल तर ते तेथे सांगणेच हिताचे; लपवलेले नाव नंतर सापडले तर संशय उरतो. कायमचा उपाय म्हणजे एक नाव ठरवून, आवश्यक तेथे राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून, पॅन, आधार, बँक आणि पासपोर्ट त्या क्रमाने जुळवून घेणे. यात काही महिने जातात. विद्यापीठाचे पत्र हाती आल्यावर हे काम काढले तर प्रवेशाचे सत्र हातून निसटते.

सुनांची अडचण याहून बिकट. अनेक घरांत लग्नानंतर आडनावच नव्हे, तर पहिले नावही बदलते. पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचे, आणि विवाहाचा पुरावा म्हणून समाजाच्या मंगल कार्यालयाची पावती व पत्रिका! विवाहनोंदणीसाठी महाराष्ट्रात १९९८चा कायदा आहे. त्यानुसार मिळालेले प्रमाणपत्रच दोन नावांमधील पूल ठरते. पतीसोबत परदेशी जाणाऱ्या कित्येक मुलींचे अर्ज या एका कागदासाठी अडून राहतात, आणि तो मिळवणे तर सर्वांत सोपे असते.

शहराचे नाव बदलल्यानेही घरोघरी शंका निर्माण झाली. केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराच्या नव्या नावास संमती दिली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचे नावही बदलले. वडिलांच्या पासपोर्टात जन्मस्थान औरंगाबाद, धाकट्याच्या नव्या कागदावर छत्रपती संभाजीनगर. यात घाबरण्यासारखे काही नाही. अर्जात जन्मस्थान पासपोर्टात छापले आहे तसेच लिहावे आणि राज्याचे नाव न विसरता भरावे. बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे.

खरी कसोटी पैशांची. व्यापारी घरातील पैसा एका खिशात नसतो. तो दुकानात, मालात, उधारीत, हिंदू अविभक्त कुटुंबाच्या खात्यात, काकांच्या भागीदारीत फिरत असतो. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी मात्र ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात दिसावी लागते, आणि ते खाते विद्यार्थ्याचे स्वतःचे किंवा आईवडिलांचे हवे. काका, आजोबा किंवा पेढी यांच्या खात्यातील शिल्लक तेथे उपयोगी पडत नाही. जर्मनी सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो विद्यार्थ्याच्या नावे गोठवलेल्या खात्यात मागते. इकडे रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेतून एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, पण ती सवलत व्यक्तीला आहे. अविभक्त कुटुंबाला किंवा भागीदारी पेढीला नाही. म्हणजे एकत्र कुटुंबाचे पैसे आधी रीतसर आईवडिलांच्या नावे यावे लागतात, आणि ते कोठून आले याचा कागदही सोबत लागतो.

येथे एक कटू गोष्ट बोलायला हवी. अनुमानित कराच्या योजनेत उलाढालीच्या आठ किंवा सहा टक्के उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरणे सोयीचे असते. परंतु ज्याने वर्षानुवर्षे सहा लाखांचे उत्पन्न जाहीर केले, तो चाळीस लाखांचा अभ्यासक्रम कसा पेलणार, हे अधिकाऱ्याने विचारले तर त्याचा दोष नाही. सनदी लेखापालाचे मालमत्ता-प्रमाणपत्र उपयोगी पडते आणि त्यावर यूडीआयएन क्रमांक हवाच. तरीही ते विवरणपत्राची जागा घेत नाही. म्हणून मूल अकरावीत असतानाच घरच्या लेखापालाशी बोलणे शहाणपणाचे.

या टप्प्यावर काही दलाल महिन्याभरासाठी खात्यात पैसे ‘लावून देण्याची’ तयारी दाखवतात. त्या वाटेला जाणे अत्यंत धोक्याचे. फसवणूक सिद्ध झाल्यास ब्रिटन दहा वर्षांपर्यंत आणि कॅनडा पाच वर्षे दार बंद करतो. अमेरिकेत तर ही अपात्रता कायमची ठरू शकते. दलाल आपले शुल्क घेऊन मोकळा होतो, नाव मुलाचे खराब होते.

ज्येष्ठांच्या भेटीचा व्हिसा त्या मानाने सरळ, पण अलीकडे सवलती आटल्या आहेत. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने ऐंशी ओलांडलेल्यांनाही सामान्यतः मुलाखत अनिवार्य केली. बोटांच्या ठशांची वेळ वेगळी आणि मुलाखतीची वेगळी, म्हणून देवगिरी एक्स्प्रेसने पहाटे उतरून त्याच दिवशी परतण्याचा बेत न करता मुंबईत एक मुक्काम ठेवावा. अमेरिकेचा कायदाच भेटीला येणारा प्रत्येक जण तेथे राहायला आला आहे असे गृहीत धरतो. उलट सिद्ध करणे अर्जदाराकडे असते. घरच्यांनी पाठ करून घेतलेली लांबलचक उत्तरे तेथे अडखळतात. कोणाकडे जाणार, किती दिवस, खर्च कोण करणार, आणि परत कशासाठी येणार, एवढेच सरळ सांगता यावे. चौथ्या प्रश्नाला आजोबा ‘दुकान मीच उघडतो’ असे म्हणाले तर ते उत्तर पुरेसे असते. फक्त दुकानाचा परवाना आणि जीएसटी नोंदणी त्यांच्याच नावाची असावी, सुनेने पासपोर्टाशी ताडून घेतलेल्या नावाची.