काळजी करणं आणि काळजी घेणं

ज्यांना हा भाग वेळेवर ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी त्याची संहिता इथे देत आहोत. आजचा विषय आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे : काळजी. मनाला जे दिसतं आणि प्रत्यक्षात जे असतं, त्यात एवढं अंतर का पडतं? आणि ते अंतर आपल्याला कमी करता येतं का?

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण आपण सगळ्यांनी घरी ऐकलेली आहे. आपल्या वैऱ्यालाही सुचणार नाही इतकं वाईट आपलं मन आपल्याबद्दल कल्पून ठेवतं. मानसशास्त्रज्ञ आज प्रयोग करून जे सांगतात, त्याचं सार या सहा शब्दांत आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही न्यू जर्सीत राहता. उन्हाळ्यातली शनिवारची रात्र, साडेदहा वाजलेत. म्हणजे पुण्यात रविवारी सकाळचे आठ. तुम्ही नेहमीप्रमाणे आईला फोन लावता. ती उचलत नाही. पाच मिनिटांनी पुन्हा लावता. बाबांचाही फोन नुसता वाजत राहतो. एवढ्यात मन कुठे पोचलेलं असतं? आई बाथरूममध्ये घसरली असेल. बाबा तिला घेऊन दवाखान्यात गेले असतील. उद्याचं विमान मिळेल का, मुलांना कुणाकडे ठेवायचं, इथपर्यंत सगळं ठरवून होतं. वीस मिनिटांनी आईचाच फोन येतो, “अगं, मंडईत गेलो होतो दोघं. फोन चार्जिंगला होते. एवढे मिस्ड कॉल कशाला केलेस?”

आता या वीस मिनिटांचा हिशोब मांडा. तुमच्याकडे माहिती किती होती? एकच : फोन उचलला गेला नाही. बाकीचं सगळं मनाने घातलेलं. पण शरीराला हा फरक कळत नाही. छातीत धडधड, हाताला घाम, पोटात गोळा हे सगळं अगदी खरं होतं. म्हणूनच काळजी करणाऱ्या माणसाला “तू उगाच काळजी करतेस” असं म्हणून उपयोग नसतो. त्याला होणारा त्रास उगाच नसतो, अंदाज चुकलेला असतो.

स्वयंपाकघरातला भोंगा

मग मन असे चुकीचे अंदाज का करतं? पहिलं कारण समजून घ्यायला आपल्या इथल्या घरातलीच एक वस्तू उपयोगी पडेल : छतावरचा स्मोक डिटेक्टर. आपण सुक्या लाल मिरच्यांची फोडणी देतो आणि तो घर डोक्यावर घेतो. मग कुणीतरी खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतं, कुणी खिडक्या उघडतं. तरीही आपण तो काढून टाकत नाही, कारण शंभरदा उगाच वाजलेला भोंगा परवडतो, पण खऱ्या आगीत एकदा गप्प बसलेला परवडत नाही.

रँडॉल्फ नेसी या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी भीतीबद्दल हेच सांगितलं आणि त्याला नावही स्मोक डिटेक्टरचंच दिलं. झुडपात सळसळ झाली की पळणारा पूर्वज बहुतेक वेळा वाऱ्याला घाबरून पळाला असेल, पण तो वाचला. आपण त्याचे वंशज. म्हणजे आपला भोंगा बिघडलेला नाही, तो मुळातच जास्त वाजेल असा बनलेला आहे. तो वाजला म्हणजे आग लागलीच, असं धरून चाललं की त्रास सुरू होतो.

जे आठवतं तेच घडतंय असं वाटतं

दुसरं कारण आठवणीचं. एखादी गोष्ट किती वेळा घडते हे आपण मोजत नाही. तिची उदाहरणं किती पटकन आठवतात यावरून अंदाज बांधतो. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७३ साली हे दाखवून दिलं. आणि आठवतं काय? जे भयंकर असतं, ज्याची चित्रं दाखवली जातात, जे पुन:पुन्हा सांगितलं जातं ते. काल लाखो लोक सुखरूप घरी पोचले, ही बातमी होत नाही.

अमेरिकेतल्या गुन्हेगारीचंच घ्या. गॅलप ही संस्था लोकांना विचारत आली आहे, “देशात गुन्हे गेल्या वर्षीपेक्षा वाढलेत का?” १९९३ पासून बहुतेक प्रत्येक पाहणीत निम्म्याहून बरेच जास्त लोक “हो” म्हणाले. आणि एफबीआयच्या आकड्यांनुसार १९९३ ते २०२२ या काळात हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. मधल्या काही वर्षांत ते वाढलंही, पण एकूण उतार मोठा आहे. इतकी वर्षं प्रत्यक्ष एका दिशेला चाललं होतं आणि लोकांचा अंदाज दुसऱ्या.

अशा चुकीच्या अंदाजाची किंमतही मोजावी लागते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर पुष्कळ अमेरिकन लोकांनी विमानाऐवजी गाडीने लांबचे प्रवास केले. गर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी हिशोब केला, की त्यामुळे पुढच्या वर्षभरात रस्त्यांवर सुमारे १,५०० जादा माणसं दगावली. या देशात दरवर्षी सुमारे ४० हजार लोक रस्ता-अपघातांत जातात. तरी आपल्याला भीती वाटते ती विमानाची. जून २०२५ मधल्या अहमदाबादच्या अपघातानंतर भारताचं तिकीट काढताना ज्यांचा हात अडखळला, त्यांचं दु:ख आणि भीती दोन्ही खरी. पण विमानतळापर्यंत गाडीने जाताना आपल्याला काहीच वाटत नाही, याचाही विचार करा.

दोन्हीकडून लपवाछपवी

तिसरं कारण खास आपल्यासारख्या दूर राहणाऱ्यांचं आहे. आई-बाबा तिकडे टीव्हीवर अमेरिकेतल्या गोळीबाराच्या बातम्या बघतात आणि तुम्ही तिथल्या पुराच्या. तुम्ही फार काळजी करता म्हणून आई सांगत नाही, की बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. “झाल्यावर सांगितलं असतं, तुला उगाच घोर.” तुमच्याकडे लेऑफ सुरू आहेत हे तुम्हीही तिला सांगत नाही. मग महिन्याभराने कुणा मावशीकडून ऑपरेशनचं कळतं. त्या दिवसापासून “आम्ही बरे आहोत” या वाक्यावरचा विश्वास उडतो. आईचा आवाज जरा बसलेला असला, तरी आपण त्यात अर्थ शोधू लागतो.

हे चक्र नीट बघा. काळजीमुळे लपवणं, लपवण्यामुळे अविश्वास आणि अविश्वासामुळे आणखी काळजी. कुणीच वाईट वागलेलं नाही, सगळं मायेपोटी झालंय. पण खरी माहिती जिथे पोचत नाही, ती जागा मन आपल्या चित्रांनी भरतं, आणि ती चित्रं कधी शुभ नसतात.

काळजीला फुकटचं श्रेय

चौथं कारण सगळ्यांत चिवट आहे. मुलगा रात्री फ्रीवेवरून घरी यायचा असतो. आपण दोन तास येरझाऱ्या घालतो. तो येतो. आणि मनात कुठेतरी नोंद होते, की मी जागी राहिले म्हणून तो नीट आला. काळजीला न केलेल्या कामाचं श्रेय मिळतं, आणि पुढच्या वेळी ती अधिकाराने हजर होते. शिवाय काळजी न करणं म्हणजे माया कमी असणं, असंही आपल्यावर बिंबलेलं असतं.

या श्रेयाची तपासणी पेन स्टेट विद्यापीठातल्या लुकास लाफ्रेनियर आणि मिशेल न्यूमन यांनी केली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात काळजीचा आजार असलेल्या २९ जणांनी दहा दिवस आपल्या काळज्या लिहून ठेवल्या, आणि पुढे त्या खऱ्या ठरल्या का, हे महिनाभर तपासलं. ९१.४ टक्के काळज्या खऱ्या ठरल्याच नाहीत. अनेकांच्या बाबतीत तर एकही खरी ठरली नाही. हा अभ्यास लहान आहे, हे खरं. पण त्यातली एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे : ज्यांच्या जास्त काळज्या खोट्या ठरल्या, त्यांची लक्षणंही नंतर जास्त कमी झाली. आपला अंदाज चुकलेला स्वत:च्या अक्षरात वाचला, की मन हळूहळू ऐकतं.

सगळ्या काळज्या खोट्या नसतात

इथे कुणी म्हणेल, “तुमचं ठीक आहे, पण माझी नोकरी खरंच जाऊ शकते.” बरोबर आहे. एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली, तर दुसरी सोय करायला साधारणपणे जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. ही भीती मनाने रचलेली नाही, तो नियम आहे. आई-बाबांचं वय वाढतंय, हेही खरं.

म्हणून प्रश्न “ही काळजी खरी की खोटी” एवढाच विचारू नका. आपल्या भाषेने याची छान सोय करून ठेवली आहे. आपण काळजी ‘करतो’ आणि काळजी ‘घेतो’. शब्द एकच, क्रियापद वेगळं. पहाटे तीन वाजता ६० दिवसांचा विचार करत पडून राहणं, ही काळजी करणं. इमिग्रेशनच्या वकिलाला आधीच भेटून ठेवणं, काही महिन्यांचा खर्च बाजूला काढणं, बायोडेटा ताजा ठेवणं, ही काळजी घेणं. काळजी घेण्याला शेवट असतो, काम झालं की ती संपते. काळजी करण्याला शेवट नसतो.

काय करून बघाल

पहिलं म्हणजे वही. एका पानाचे तीन भाग करा. पहिल्यात, मला नक्की काय माहीत आहे. दुसऱ्यात, मनाने काय घातलं. तिसरा रिकामा ठेवा आणि त्यात प्रत्यक्षात काय झालं ते नंतर लिहा. तिसरा भाग भरायला विसरू नका, खरा उपयोग त्याचाच आहे.

दुसरं, काळजीला वेळ ठरवून द्या. रोज संध्याकाळी अर्धा तास, एकाच खुर्चीत. दिवसभरात मनात काही आलं, की “सहा वाजता बघू” म्हणून लिहून ठेवा. ऐकायला गमतीचं वाटतं, पण थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ सालीच ही पद्धत तपासली होती आणि उपचारात ती आजही वापरतात. सहा वाजेपर्यंत अर्ध्या काळज्यांचा जोर गेलेला असतो.

तिसरं, घरच्यांशी करार करा : “आजारपण लपवायचं नाही, आणि मी ऐकून घाबरून ओरडणार नाही.” दोन्ही बाजूंनी पाळायचा. शेजारच्या काकूंचा आणि जवळच्या एखाद्या नातेवाइकाचा नंबर हाताशी ठेवा. फोन लागला नाही तर किती वेळ थांबायचं, आणि मग आधी कुणाला विचारायचं, हेही ठरवून टाका.

चौथं, पुन:पुन्हा खात्री करणं कमी करा. काहीजणांनी आई-वडिलांच्या हॉलमध्ये कॅमेरा बसवलेला असतो. अडीअडचणीला तो कामाचा आहे. पण दर तासाला त्यात डोकावलं, तर बरं वाटतं ते दहा मिनिटं. मग पुढची खात्री हवी होते. एकदा ठरवून बघा, बाकी वेळ बंद.

आणि ‘लोक काय म्हणतील’ ही काळजी असेल, तर एक प्रयोग लक्षात ठेवा. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना ओशाळवाणा वाटेल असा टीशर्ट घालून खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तो पाहिला. प्रत्यक्षात पाव लोकांनीच पाहिला होता. मीटिंगमध्ये तुमच्या उच्चारांकडे तुमच्याइतकं लक्ष कुणाचंच नसतं.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं

सहा महिने बहुतेक दिवस काळजी आवरत नसेल, झोप, एकाग्रता किंवा भूक बिघडली असेल, अंग सतत आखडलेलं असेल, किंवा भीतीने गाडी चालवणं, लोकांत जाणं सुटलं असेल, तर हा स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगा. २०२३ पासून अमेरिकेत ६४ वर्षांपर्यंतच्या प्रौढांची काळजीच्या आजारासाठी चाचणी करावी अशी शिफारस आहे. त्यासाठी पुष्कळदा ‘जीएडी-७’ नावाची सात प्रश्नांची यादी भरून घेतात, पाच मिनिटंही लागत नाहीत. थायरॉइडसारखं दुसरं काही कारण आहे का, तेही डॉक्टर बघतात. विचारांची पद्धत बदलायला शिकवणारी थेरपी आणि गरज पडल्यास औषधं, दोन्हींचा चांगला उपयोग होतो. छातीत दुखायला लागलं, तर मात्र “काळजीने होत असेल” म्हणून थांबू नका, ९११ ला फोन करा.

जगणंच नको वाटत असेल, तर ९८८ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फोन किंवा मेसेज करता येतो. भारतातल्या तुमच्या माणसांसाठी सरकारची टेली-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. तिथे मराठीतही बोलता येतं. हा नंबर आजच आई-बाबांना पाठवून ठेवा. तीही काळजी घेणंच झालं.

या आठवड्यात एवढंच करा : एक वही काढा आणि एक काळजी लिहा, आजच्या तारखेसकट. पुढच्या महिन्यात ते पान उघडून तिसरा भाग भरा. काय निघालं ते आम्हाला कळवलंत, तर आवडेल. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.