त्र्याण्णव म्हणजे किती अंश?

एलएम-३५ हा तापमानाचा सेन्सर इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टांतून इतका फिरलेला आहे की त्याची ओळख करून द्यायला नको. तीन पायांचा जीव; दर अंश सेल्सियसला १० मिलिव्होल्ट देतो. खोलीत ३० अंश असतील तर ३०० मिलिव्होल्ट. रास्पबेरी पायला मात्र ते वाचताच येत नाहीत, कारण त्या बोर्डावर अ‍ॅनालॉग इनपुट नाही. मध्ये एमसीपी-३००८ सारखी एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारी, चिप लावावी लागते. ती संदर्भ व्होल्टेजच्या १०२४ पायऱ्या पाडते आणि मोजून सांगते: ९३.

पण ९३ काय? संदर्भ ३.३ व्होल्टचा असेल तर एक पायरी साधारण ३.२२ मिलिव्होल्टची, म्हणजे खोलीत ३० अंश. संदर्भ ५ व्होल्टचा धरला, की त्याच ९३ चे ४५ अंश होतात. आकडा जागचा हलला नाही आणि खोलीची भट्टी झाली.

हे एकक सांभाळायचं कुणी? पायवर चालणाऱ्या लिनक्समध्ये बरीच वर्षं ज्याचं त्यानं सांभाळलं. पंख्याचा वेग, प्रोसेसरचं तापमान असली संगणकाच्या स्वतःच्या तब्येतीची मोजमापं 'एचडब्ल्यूमॉन' या उपप्रणालीकडे होती. जॉयस्टिक आणि टचस्क्रीन 'इनपुट'कडे. सेकंदाला हजारो नमुने घेणारी एडीसी या दोन्ही घरांत मावत नव्हती. तिच्यासाठी केंब्रिजच्या जोनाथन कॅमेरॉन यांनी 'इंडस्ट्रियल आय-ओ' (आयआयओ) ही उपप्रणाली उभी केली. २००९ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) 'स्टेजिंग' विभागात, म्हणजे ओसरीवर, आली. माजघरात यायला २०१२ उजाडलं.

तिचा करार साधा आहे. प्रत्येक चॅनलसाठी छोट्या फायली: 'रॉ'मध्ये चिपचा कच्चा आकडा, 'स्केल'मध्ये गुणक, लागेल तिथे 'ऑफसेट'. कच्च्या आकड्यात ऑफसेट मिळवा, स्केलने गुणा. येईल ते ठरलेल्या एककात. आपल्या चिपचं स्केल ३.२२२६५६२५० असं दिसतं. गंमत अशी, की कर्नलमध्ये दशांश अपूर्णांकांचं गणित टाळतात. चिपशी बोलणारा ड्रायव्हर फक्त दोन पूर्णांक पुढे करतो, ३३०० आणि १०. पहिल्याला दोनच्या दहाव्या घाताने भागायचं, हे ड्रायव्हर आणि आयआयओत ठरलेलं.

एककं मात्र सगळी एका साच्यातली नाहीत. व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, तापमान अंशाच्या हजाराव्या भागात, कारण एचडब्ल्यूमॉनची रीत तशी होती. दाब किलोपास्कलमध्ये आणि त्वरण सरळ मीटर प्रति सेकंद वर्ग. जुन्या वाड्यात प्रत्येक खोलीचा उंबरा वेगळ्या उंचीचा असावा तसं. नवखा हमखास ठेचकाळतो. तरी आता हे बदलू नये असंच मला वाटतं. या फायलींवर विसंबलेले प्रोग्रॅम जगभर चालू आहेत.

तापमानाला घाई नसते. कंप मोजायचा असेल तर मात्र एकेक फाइल वाचत बसणं कुचकामी. 'दर मिलिसेकंदाला वाच' असं साध्या प्रोग्रॅमला सांगितलं, तरी शेड्युलर त्याला कधी आधी तर कधी उशिरा उठवणार. नमुन्यांमधलं अंतर असं डळमळलं, की पुढच्या विश्लेषणात नसलेल्या लहरी दिसू लागतात. म्हणून आयआयओत ट्रिगर आणि बफर आहेत. चिपचा 'नमुना तयार' हा इंटरप्ट किंवा कर्नलचा टायमर ठोका देतो, नमुने बफरमध्ये साठतात, आणि प्रोग्रॅम सवडीने गठ्ठा उचलतो. गठ्ठ्यातला प्रत्येक नमुना किती बिटांचा, कोणत्या बाजूने वाचायचा, किती घरं सरकवायचा, हेही एका छोट्या फाइलीत लिहिलेलं असतं.

एवढा बंदोबस्त असूनही संदर्भ व्होल्टेज किती, हे कर्नल सहसा स्वतः मोजत नाही. बोर्डाची जोडणी ठाऊक असलेला माणूस ते डिव्हाइस ट्री या बोर्डाचं वर्णन करणाऱ्या फाइलीत लिहितो आणि कर्नल त्याच्या शब्दावर चालतं. तार ५ व्होल्टला आणि फाइलीत ३.३ लिहिलेलं, असं झालं तर ३० अंशांच्या खोलीत चिप ६१ मोजते. कर्नल नऊ दशांशस्थळांचा गुणक काटेकोरपणे पुढे करतं, आणि घाम पुसत बसलेल्या माणसाला पडद्यावर १९.७ अंश दिसतात. तेव्हा ड्रायव्हरचा कोड उघडण्याआधी मल्टिमीटर काढून चिपच्या संदर्भाच्या पायावर टेकवावा.