आजोबांना सामन्याला नेताना

इतवारीपासून सुमारे १५ किलोमीटरवर असलेल्या कामठीत फुटबॉलचे वेड जुने आहे. तेथील रब्बानी क्लबचे नाव आपल्या घरातील आजोबांनाही ठाऊक असेल. करंडकाचा सामना पाहण्याची त्यांची इच्छा ‘पडाल’ या धाकाने मोडू नका. खरी भीती गर्दीची नव्हे, न प्यायलेल्या पाण्याची आहे. मैदानावर लघवीची पंचाईत नको म्हणून वृद्ध माणसे दुपारपासूनच पाणी टाळतात; मग गोल झाला की ताडकन उठतात आणि भोवळ येते! स्वच्छतागृह कोठे आहे ते आधीच विचारून ठेवावे, जागा कडेची धरावी. ४५ मिनिटांचा पूर्वार्ध संपला की त्यांना बसल्याबसल्या पावले हलवू द्यावीत, मगच हळूहळू उभे करावे. डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असल्यास तेवढेच द्यावे. आरडाओरडा मात्र मनसोक्त करू द्यावा.