झिजलेला रुपया खोटा नसतो

लक्ष्मीपूजनाला बाहेर निघणारे दोन-चार राणीछाप रुपये नगर जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांच्या देवघरात आहेत. मोडायचा विषय निघाला की कुणी म्हणतं, झिजलेत, खोटे असतील; कुणी म्हणतं, दीडशे वर्षांचे आहेत, लाखो मिळतील. दोन्ही चूक.

हाताळून झिजलेल्या नाण्याचे उंचवटे आधी जातात. राणीचा गाल, केस सपाट होतात, पण खोलगट भागातल्या रेषा धारदार राहतात. ओतीव नकलेत उंच-खोल सगळंच सारखं बोथट असतं. भिंगातून बारीक छिद्रं दिसतात, कडेवर कधी सांध्याची रेघही सापडते.

लोहचुंबकाला चिकटलं नाही म्हणजे चांदी, हाही भ्रमच. तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर, काहीच चिकटत नाही. खरी परीक्षा वजनाची. १८३५ नंतरचा ईस्ट इंडिया कंपनीचा आणि राणीचा रुपया बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. झिजलेला थोडा कमी भरेल. जास्त भरला तर संशय घ्या. मग छोट्या वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि दोऱ्याला बांधलेलं नाणं तळाला न टेकवता पाण्यात बुडवा. पुऱ्या वजनाच्या रुपयाला काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास दाखवतो, तेवढ्याच वजनाच्या पितळी नकलेला १.३५ च्या वर. मात्र १९४० ते १९४५ च्या रुपयात निम्मीच चांदी आहे आणि १९४७ चा तर निकेलचा. ते खोटे नाहीत, त्यांचा कस वेगळा.

जुनं म्हणजे महाग, ही समजूत सर्वांत चिवट. १८६२ सालाचा रुपया पुढे दहा-बारा वर्षं त्याच सालाने पाडला जात होता, म्हणून तो ढिगाने सापडतो. झिजलेला असेल तर चांदीच्या भावापेक्षा फार काही हाती येत नाही. उलट त्याहून कितीतरी नवा १९३९ चा दुर्मीळ आहे, आणि नकला अशाच सालांच्या निघतात. जुन्या नाण्यांना भरमसाट पैसे देऊ म्हणून आधी शुल्क मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये इशारा दिला होता.

आणि कृपा करून नाणं चिंचेने, राखेने किंवा टूथपेस्टने घासू नका. काळसर थर चांदीचाच असतो. संग्राहक त्यालाच मान देतात. घासलेलं, कडी डाखलेलं नाणं त्यांच्या लेखी उतरतं.

फारसी अक्षरांचं, अर्धवट मजकुराचं नाणं दिसलं की लोक नाक मुरडतात. पण हाताने पाडलेल्या रुपयांत ठसा मोठा आणि चकती लहान असे, मजकूर कापला जाणारच. आपल्या चौंडीच्या अहिल्याबाईंच्या महेश्वर टांकसाळीतल्या रुपयावरही शाह आलम बादशहाचं नाव फारसीत आहे. सोबतीला शिवलिंग आणि बेलाचं पान. बादशहाचं नाव घालण्याची त्या काळची रीतच होती. काठावरची सराफाची खूणसुद्धा दोष नव्हे, कुणीतरी पूर्वी पारखल्याचा तो पुरावा.

नांगरताना हंडा सापडला तर मात्र तो आपला, असं धरू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, नातेवाइकाला भेट म्हणूनसुद्धा.