सहकुटुंब चारिका : मराठवाड्यातील बौद्ध स्थळांचा परिचय

दिवाळीची अथवा उन्हाळ्याची सुटी लागली की मुलांना कोठे न्यावे, हा प्रश्न आता आपल्या घरांतूनही विचारला जाऊ लागला आहे. नोकरीधंद्यामुळे थोडी स्थिरता आलेल्या कुटुंबांस प्रवास परवडतो, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु प्रवास कशासाठी करावा, याविषयी पालि वाङ्मयाने काही मूलभूत विचार मांडलेला आहे. तो ध्यानात घेऊन नांदेड व लातूर परिसरातील कुटुंबांना कोणती स्थळे पाहता येतील, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

पालि साहित्यात भिक्खूंच्या पायी फिरण्यास 'चारिका' अशी संज्ञा आहे. चारिका म्हणजे नुसती भटकंती नव्हे. लोकांचे हित व सुख हा तिचा हेतू असतो. दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात भगवान बुद्ध आनंदाला चार स्थळे दर्शनीय म्हणून सांगतात : जन्माचे, संबोधीचे, धम्मचक्रप्रवर्तनाचे आणि परिनिर्वाणाचे. या स्थळांना तेथे 'संवेजनीय' असे विशेषण आहे. संवेग म्हणजे मनाला बसणारा असा धक्का, की ज्यामुळे माणूस जागा होतो आणि आपल्या जगण्याचा विचार करू लागतो. नवस फेडणे किंवा पुण्य गाठीस बांधणे हा अर्थ त्यात नाही. स्थळ पाहून मनुष्य बदलला पाहिजे, ही बौद्ध प्रवासाची कसोटी आहे.

या चारांपैकी लुंबिनी नेपाळात आहे. बोधगया, सारनाथ व कुशीनगर आपल्या देशात आहेत. तेथवरचा प्रवास खर्चाचा आणि दीर्घ आहे. परंतु आपल्या गोदावरीचा बुद्धाशी असलेला संबंध त्याहून जुन्या वाटेने पोहोचतो. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात बावरी नावाच्या वृद्ध ब्राह्मण आचार्याची कथा आहे. कोसल देशातून दक्षिणापथात येऊन तो अस्सक व अळक या प्रदेशांच्या सान्निध्यात गोदावरीच्या काठी राहिला. बुद्धाची वार्ता कानी आली तेव्हा त्याचे वय 120 वर्षांचे होते. स्वतः जाणे शक्य नव्हते, म्हणून त्याने अजित, पुण्णक, मोघराज, पिंगिय आदी 16 शिष्यांना उत्तरेस धाडले. त्यांच्या वाटेतील गावांची यादीच त्या गाथांत आली आहे : पतिट्ठान म्हणजे आपले पैठण, पुढे माहिस्सती, उज्जेनी, वेदिस, कोसंबी, साकेत, सावत्थी, कपिलवत्थु, कुसिनारा, वेसाली आणि अखेर मगध. मराठवाड्यातून बुद्धाकडे गेलेल्या प्रवासाची ही प्राचीन नोंद होय. धर्मानंद कोसंबी यांनी केलेला सुत्तनिपाताचा मराठी अनुवाद उपलब्ध आहे. प्रवासास निघण्यापूर्वी ही कथा मुलांना वाचून दाखवावी आणि नकाशावर ती गावे त्यांच्याकडूनच शोधून घ्यावीत.

एका दिवसाची स्थळे

नांदेडहून अर्धापूरच्या वाटेवर दाभड येथे महाविहार बावरीनगर आहे. या नावाचा उगम वरील कथेत आहे, हे तेथे जाणाऱ्या प्रत्येक मुलास ठाऊक असावयास हवे. पौष पौर्णिमेच्या सुमारास तेथे भरणाऱ्या धम्म परिषदेस मोठा समुदाय जमतो. मात्र शांतपणे पाहावयाचे असेल तर एरवीचा दिवस निवडावा. नांदेडच्या शेजारी, तेलंगणातील बोधन हे गाव म्हणजेच अस्सकांची राजधानी पोतन होय, असे अनेक अभ्यासक मानतात.

लातूर जिल्ह्यात उदगीर येथे विश्वशांती बुद्ध विहार उभा आहे. त्याचे लोकार्पण 4 सप्टेंबर 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. औसा तालुक्यातील खरोसा येथील लेणी जांभ्या दगडाच्या टेकडीत कोरलेली असून ती सहाव्या शतकातील मानली जातात. त्यांपैकी एका लेण्यात बैठी बुद्धमूर्ती असल्याचे शासकीय माहितीत नमूद आहे. उर्वरित लेण्यांत शिव, नरसिंह, कार्तिकेय यांची शिल्पे आहेत.

दोन दिवसांची स्थळे

तेरणा नदीकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवरचे व्यापारी नगर म्हणून त्याचा उल्लेख आहे. येथून तऱ्हेतऱ्हेचे कापड भडोच बंदराकडे जात असे. येथील त्रिविक्रम मंदिर विटांचे असून त्याची मागील बाजू चापाकार आहे. ही रचना चैत्यगृहाची असल्याने ते मूळ बौद्ध चैत्य असावे, असे पुरातत्त्वज्ञांचे मत आहे. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात तेरचे अवशेष पाहावयास मिळतात. हेच गाव संत गोरोबांचे आहे. तेथील भाविकांच्या श्रद्धेचा मान राखूनच आपण इतिहास पाहावा.

धाराशिव शहराजवळील लेणी याच प्रवासात होतात. ती मूळ बौद्ध असून पुढे जैन झाली, असे एक मत आहे. कनकामराच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यातील उल्लेखांमुळे जैन परंपरेशी त्यांचा संबंध जोडला जातो. अशा ठिकाणी मूर्ती पारखावयास मुलांना शिकवावे. अंगावर चीवराची कड दिसते काय? छातीवर श्रीवत्स आहे काय? हात कोणत्या मुद्रेत आहेत? डोक्यावर नागफणा दिसल्या म्हणून लगेच निर्णय करू नये, कारण पार्श्वनाथाप्रमाणे मुचलिंदाच्या फणांखालील बुद्धही आढळतो. प्रत्येक लेणे आपलेच म्हणण्याचा मोह टाळावा. जे आपले आहे ते पुराव्याने सिद्ध होते. पुराव्यावाचून केलेला दावा आपल्याच इतिहासाला दुबळा करतो.

चार दिवसांची स्थळे

छत्रपती संभाजीनगर येथे मुक्काम करून पुढील स्थळे पाहता येतात. प्रथम नागसेनवन पाहावे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत बाबासाहेबांनी 1950 साली येथे महाविद्यालय सुरू केले. मिलिंद हे त्याचे नाव आणि नागसेनवन हे परिसराचे नाव, दोन्ही 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथाची आठवण देतात. जवळच्या डोंगरातील औरंगाबाद लेण्यांपैकी तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेल्या स्त्रीपुरुष उपासकांची जवळजवळ माणसाएवढी शिल्पे आहेत. सातव्या लेण्यात आग, चोर, साप, हत्ती, जहाज फुटणे अशा संकटांतून प्रवाशांना तारणारा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. त्या काळच्या वाटा किती धोक्याच्या होत्या, हे त्यावरून उमगते.

वेरूळच्या 34 लेण्यांपैकी पहिली 12 बौद्ध आहेत. अजिंठ्यास 30 लेणी असून त्यांतील 9 व 10 क्रमांकाची चैत्यगृहे सातवाहनकाळातील, तर बहुतेक इतर लेणी पाचव्या शतकातील आहेत. सतराव्या लेण्यात भगवंतासमोर उभे असलेले यशोधरा व राहुल आणि सव्विसाव्यातील महापरिनिर्वाणाचे भव्य शिल्प, या दोन ठिकाणी सहकुटुंब थोडा वेळ स्वस्थ बसावे. अजिंठा सोमवारी व वेरूळ मंगळवारी बंद असते, हे ध्यानात ठेवून दिवस आखावेत.

कन्नडजवळील पितळखोरा येथे पुष्कळ पायऱ्या उतराव्या लागतात, तरीही ते चुकवू नये. पैठणच्या गांधिक कुळातील मितदेवाने तेथे दान दिले. राजवैद्य मगिल, त्याचा पुत्र दत्तक आणि कन्या दत्ता यांची दानेही स्वतंत्र लेखांत नोंदलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी एका कुटुंबातील मुलीचे नाव पित्याच्या व भावाच्या नावासोबत दगडावर कोरले गेले, ही गोष्ट आपल्या मुलींना तेथे उभे राहूनच सांगितली पाहिजे.

प्रवासाचा हक्क

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. 1934 साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सहलीस निघाले होते आणि वेरूळची बौद्ध लेणी पाहावयाचीच, असा त्यांचा निश्चय होता. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर त्यांनी तळ्याच्या पाण्याने हातपाय धुतले, तेव्हा तळे बाटविल्याचा आरोप करून लोक त्यांच्या अंगावर धावून आले. पुढे किल्ला पाहू दिला, तोही कोठे पाण्यास स्पर्श होऊ नये म्हणून सशस्त्र पहारेकरी सोबत देऊन. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात त्यांनी हा प्रसंग नोंदविला आहे. आज आपण तिकीट काढून त्याच किल्ल्यात ताठ मानेने शिरतो. ती मोकळीक अपार संघर्षातून मिळालेली आहे. म्हणून सहलीचा दिवस हा आपल्यासाठी निव्वळ करमणुकीचा दिवस नाही.

तेव्हा निघण्यापूर्वी स्थळाची माहिती वाचावी. भिंतींना हात लावू नये, त्यांवर नावे कोरू नयेत, कचरा टाकू नये. विहाराच्या लहान खोल्या, चैत्यातील स्तूप आणि पाण्याची टाकी मुलांना वेगवेगळी ओळखता यावीत. परतल्यावर प्रत्येकाने पाहिलेल्या एका गोष्टीचे टिपण लिहावे आणि ते आपल्या विहारातील रविवारच्या वंदनेनंतर वाचून दाखवावे. बावरीचे शिष्य प्रश्न घेऊन निघाले होते. आपली मुलेही प्रश्न घेऊन निघाली, तर गोदाकाठची ती जुनी चारिका पुढे चालू राहील.