नंदीध्वजांच्या वाटेवरील रांगोळी

एखाद्या गांवांत कलावंतांचें मंडळ स्थापन झालें, कीं त्यांत नांवाजलेला चित्रकार कोण आहे, अशी चौकशी प्रथम होते. हें मंडळ गांवासाठीं कोणत्या दिवशीं काय करणार, असें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः मंडळाच्या आयुष्याची दोरी या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतच असते. सोलापूर शहरांत याचें एक बोलकें उदाहरण दर वर्षीं मकरसंक्रांतीच्या सुमारास भर रस्त्यावर मांडलेलें दिसतें.

सोलापूरचें ग्रामदैवत श्रीसिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकांतील शिवयोगी. त्यांनीं सोलापूर व परिसर यांत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, असें परंपरा सांगते. एका कुंभारकन्येनें त्यांच्याशीं विवाह करण्याची इच्छा प्रकट केली. परंतु योग्यास संसार कसचा? तेव्हां त्यांनीं आपल्या योगदंडाशीं विवाह लावून घेण्यास तिला अनुमति दिली, अशी कथा आहे. संक्रांतीस भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेंत हाच विवाह पुन्हां साजरा होतो. योगदंडाचीं प्रतीकें असे सात उंच नंदीध्वज हिरेहब्बूंच्या वाड्यापासून निघतात, आणि पांढरी बाराबंदी घातलेले भक्त ते तोलीत नेतात. भोगीच्या दिवशीं अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, संक्रांतीस संमतिकट्ट्याजवळ अक्षता पडतात. त्यानंतर होमप्रदीपन, शोभेचें दारूकाम आणि शेवटीं कप्पडकळी, असा हा क्रम आहे. कानडी, मराठी व तेलुगू या तिन्ही भाषा बोलणारीं माणसें या गर्दींत एकत्र मिसळलेलीं आढळतात.

या नंदीध्वजांच्या वाटेवर रांगोळीच्या पायघड्या घातल्या जातात. हें काम संस्कार भारती या संस्थेचे सोलापुरांतील कलावंत अंगावर घेतात. ही अखिल भारतीय संस्था १९८१ सालीं लखनौ येथें स्थापन झाली. रस्त्यावर व अंगणांत मोठ्या आकाराची रांगोळी काढण्याची तिची पद्धति महाराष्ट्रांत आतां घरोघरीं परिचित आहे. घरांतील ठिपक्यांच्या रांगोळींत चिमटींतून बारीक रेघ सुटते. येथें आधीं चाळणीनें रंगाचा सारखा थर पसरावयाचा, आणि मग मुठींतील पांढरी पूड बोटांमधून सोडीत मोठीं वळणें काढावयाचीं, असा प्रकार असतो. हात खांद्यापासून फिरावा लागतो, आणि रेघ एकदां पडली कीं ती पुसून पुन्हां काढण्यास सवड नसते.

असें प्रचंड काम अनेक हातांनीं मिळून कसें करतां येतें, हें समजून घेण्यासारखें आहे. बिंदु, रेषा, सर्परेषा, गोपद्म, स्वस्तिक, शंख, चक्र, ज्ञानकमळ, केंद्रवर्धिनी अशीं कांहीं ठराविक चिन्हें या पद्धतींत मानलेलीं आहेत. हीं चिन्हें म्हणजे जणूं एक मुळाक्षरांची पाटी होय. ज्याला तीं अक्षरें आलीं, त्याला दुसऱ्याचें अर्धवट राहिलेलें वाक्य पुरें करतां येतें. त्यामुळें चित्रकलेचें शिक्षण घेतलेला कलावंत आणि घरचें काम आटोपून आलेली गृहिणी एकाच पट्ट्यावर शेजारीं बसूं शकतात. एकाचा हात जेथें थांबला तेथून दुसऱ्याचा सुरू होतो. नवख्यास प्रथम रंग पसरण्याचें काम द्यावें, हात बसल्यावर रेघ द्यावी, म्हणजे शिकणें आणि करणें हीं दोन्ही एकाच वेळीं साधतात. कोणाची रेघ सुंदर आणि कोणाची डळमळीत, हें सर्वांच्या डोळ्यांसमोर असतें. पण खालीं सही कोणाचीच नसते. आणि मग मिरवणूक येते, व हजारों पावलांखालीं ती रांगोळी पुसून जाते.

जें घटकाभरांत पुसलें जाणार, त्यासाठीं एवढे कष्ट कशाला, असा आक्षेप सुशिक्षित माणूस घेईल; आणि तो अगदींच पोकळ नाहीं. याच सोलापूर जिल्ह्यांतील पंढरपूर येथें १९१५ सालीं जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांचीं चित्रें जगभरच्या संग्रहांत आहेत. हुसेन, सूझा, रझा, आरा, गाडे आणि बाक्रे या सहा जणांनीं १९४७ सालीं मुंबईस प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला, आणि १९४९ सालीं तेथें आपलें प्रदर्शन भरविलें. एवढी प्रतिभा एका मंडळांत क्वचितच एकत्र आली असेल. परंतु १९४९ सालींच सूझा लंडनला गेले, १९५० सालीं रझा पॅरिसला गेले, पुढें बाक्रेही लंडनला गेले, आणि १९५६ पर्यंत तो ग्रुप संपुष्टांत आला. यांत त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. प्रत्येकाला आपली वाट शोधावयाची होती, ती त्यांना सांपडली, आणि भारतीय चित्रकलेचा त्यांत मोठाच लाभ झाला. मात्र मंडळ म्हणून त्यांना धरून ठेवणारें, दर वर्षीं परत बोलावणारें असें कांहीं नव्हतें. उलट, त्याच मुंबईंत १८८८ सालीं निघालेली बॉम्बे आर्ट सोसायटी आपल्या वार्षिक प्रदर्शनाच्या बळावर आजवर टिकून आहे. सभासद आले आणि गेले; प्रदर्शनाची प्रथा राहिली.

सोलापुरांतील रांगोळी पुसली जाते हें खरें. पण संक्रांत पुन्हां येणार हें ठरलेलें असतें. रंग किती लागतील, कोणता पट्टा कोणाकडे द्यावयाचा, नवीन माणसांना कोण शिकविणार, या प्रश्नांसाठीं माणसांना पुन्हां एकत्र बसावेंच लागतें. या बैठकींतच एकमेकांचें काम पाहिलें जातें, त्यावर बोललें जातें, आणि एरवीं एकटा पडणारा कलावंत चार समव्यवसायी माणसांत येतो. लहान शहरांतील चित्रकाराची खरी अडचण हीच असते, कीं त्याचें काम जाणत्या नजरेनें पाहणारें जवळ कोणी नसतें. तें माणूस त्याला मिळालें नाहीं, तर तो मोठ्या शहराची वाट धरतो, किंवा हळूहळू कुंचला खालीं ठेवतो.

म्हणून ज्या गांवीं कलावंतांचें मंडळ काढण्याचा विचार असेल, तेथील मंडळींनीं नियमावली व पदाधिकारी यांची चर्चा थोडी मागें ठेवून प्रथम पंचांग उघडावें. गांवचा उरूस, जत्रा किंवा पालखी यांपैकीं एक दिवस निवडावा. त्या दिवशीं सर्वांच्या हातांना पुरेल असें एक काम ठरवावें. आणि घरांतील मुलांना व स्त्रियांना त्यांत पहिल्याच वर्षीं जागा द्यावी. वैयक्तिक चित्रांचीं प्रदर्शनें त्यानंतर भरवितां येतील, आणि तीं पाहावयास लोकही येतील. कारण रस्त्यावर शेजारीं बसून रंग पसरलेला माणूस कोणाचा हात कसा चालतो हें ओळखूं लागलेला असेल.